डॅशबोर्डवर जादा चार्जिंग पॉइंट: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना दिवसातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, "दादा, डॅशबोर्डला अजून एक पॉइंट काढून मिळेल का?" मिळेल. पण त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं वायर हातात धरून देता येत नाहीत, म्हणून लिहून ठेवली. पहिले प्रश्न सगळ्यांसाठी आहेत. ट्रक, ट्रॅक्टर, स्कूटरवाल्यांनी खाली उतरावं.

गाडीत एक पॉइंट आहेच. तीन तोंडांचा स्प्लिटर लावला तर भागणार नाही का?

दोन फोन आणि एक डॅशकॅम एवढंच असेल तर खुशाल भागेल, माझ्याकडे येऊच नका. पण स्प्लिटरने तोंडं वाढतात, करंट वाढत नाही. मागची वायर तीच, फ्यूज तोच. बऱ्याच गाड्यांच्या सॉकेटच्या झाकणावर '१२ व्होल्ट, १२० वॅट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे सगळे मिळून १० अँपिअर. टायरमध्ये हवा भरायचा पंप एकटाच तेवढे ओढतो. पन्हाळ्याच्या वाटेवर पंक्चर झालं, पंप लावला, शेजारी दोन फोनही चार्जिंगला होते आणि फ्यूज गेला, अशी माणसं अधूनमधून येतात.

स्टीरिओच्या यूएसबीला फोन लावला तर मॅप चालू असताना चार्ज वाढण्याऐवजी उतरतो. पोर्ट बिघडलाय का?

नाही. तो पोर्ट गाणी वाजवण्यासाठी दिलेला आहे. जुन्या स्टीरिओंचा यूएसबी ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. स्क्रीन पूर्ण उजेडात, जीपीएस चालू, वर काचेतून ऊन. फोन त्याहून जास्त खातो. स्टीरिओ बदलू नका, वेगळा चार्जिंग पॉइंट काढा.

गोल सॉकेट घ्यावं की थेट यूएसबीचं?

गोल सॉकेटचा आकार सिगारेट पेटवायच्या लायटरवरून आलाय. आतला व्यास सुमारे २१ मिलिमीटर, मध्ये स्प्रिंगवाली पिन, ती प्लस, आणि बाजूची भिंत मायनस. मूळ कामात लायटर काही सेकंदच आत दाबलेला राहायचा, त्यामुळे तासन्‌तास घट्ट धरून ठेवणं हा त्या आकाराचा गुणच नाही. खड्ड्यात प्लग हलतो, चार्जिंग तुटतं. फक्त फोन चार्ज करायचे असतील तर पॅनेलमध्ये बसणारा यूएसबीचा पॉइंट घ्या, त्यात टाइप सी आणि पीडी (जलद चार्जिंगची सोय) असेल असा. पंप, व्हॅक्यूम क्लीनर, छोटा फ्रिज यांपैकी काही लावणार असाल तर गोल सॉकेटला पर्याय नाही. दोन्ही असलेली जोडपट्टीही मिळते.

एक सूचना. 'फक्त पॉवर'साठीच्या सॉकेटमध्ये लायटर खुपसू नका. लायटर तापल्यावर त्याला सोडून बाहेर येऊ देणारी पत्ती त्यात नसते.

मला किती अँपिअर लागतील, हे कसं काढायचं?

वस्तूवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना १२ ने भागा. १२० वॅटचा पंप म्हणजे १०. ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर साडेपाच येतो, पण वाटेत थोडं उष्णतेत जातं म्हणून सहा-साडेसहा धरा. डॅशकॅमला अर्ध्याच्या आसपास. एकाच वेळी काय काय चालेल तेवढ्याचीच बेरीज करा. घरात आहे म्हणून सगळं धरत बसू नका. बेरीज दहाच्या आत असेल तर काम सोपं, पंधरापर्यंत गेली तर बॅटरीपासून वेगळी लाइन.

सप्लाय कुठून घ्यायचा?

यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. रस्ते तीन.

पहिला, जुन्या सॉकेटच्या मागूनच फाटा काढायचा. सगळ्यात सोपा, आणि फोनपुरता ठीक. मात्र हा स्प्लिटरचाच भाऊ, फक्त पॅनेलच्या आत लपलेला. क्षमता वाढत नाही.

दुसरा, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप. हे छोटं प्लॅस्टिकचं दोन घरांचं बिऱ्हाड असतं: खालच्या घरात गाडीचा मूळ फ्यूज, वरच्या घरात तुमच्या पॉइंटचा. मूळ फ्यूज उपटून त्याच्या जागी हा खोचायचा. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, म्हणून वॉरंटीतल्या गाडीला मी हाच सुचवतो. दहा अँपिअरच्या वर त्याला ताणू नका, कारण त्याच्या शेपटीची वायरच बारीक असते.

टॅप उलटाही बसू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आधी फ्यूज उपटा, चावी पहिल्या खटक्यावर ठेवा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या नटाला लावा आणि टोक रिकाम्या घराच्या दोन्ही पात्यांना एकेक करून टेकवा. ज्या पात्यावर दिवा लागतो ती सप्लायची बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो त्या बाजूला गेला पाहिजे. उलटा बसवला तरी पॉइंट चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण मग तुमचा करंटसुद्धा गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो, आणि एके दिवशी पंप लावल्यावर रेडिओ बंद पडतो.

घर कोणतं निवडायचं? रेडिओ, मागचा वायपर किंवा जुना लायटर. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा कंट्रोलर आणि पेट्रोल पंप यांच्या फ्यूजांना हात लावायचा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. तो वाचायला भिंग लागेल, पण वाचा.

तिसरा रस्ता थेट बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, म्हणजे बारीक वायरीच्या इशाऱ्यावर जाड लाइन चालू-बंद करणारा स्विच. कष्ट जास्त आहेत, पण पंप-फ्रिजवाल्यांना हाच लागतो.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे बसवायचा? सॉकेटजवळ असला तर बदलायला सोपा पडेल ना?

इथेच नव्वद टक्के गोंधळ असतो. फ्यूज सॉकेटला वाचवायला नसतो, फोनला वाचवायला तर नसतोच. तो वायरीला वाचवतो. वायर बॅटरीपासून सुरू होते, म्हणून फ्यूजही बॅटरीपाशी, प्लस टर्मिनलपासून वितीच्या आत.

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूची एक गाडी आली. तक्रार एवढीच, की एसी लावला की जळका वास येतो. दुसरीकडे कुठेतरी पॉइंट काढून घेतलेला होता. मी ड्रायव्हरच्या पायाशी बाजूचा पत्रा उघडला. लाल वायर कार्पेटच्या स्पंजात रुतून बसली होती. ओढायला गेलो तर कव्हर गुळाच्या पाकासारखं तार धरून बोटांना चिकटलं, आत तांबं काळंनिळं. फ्यूज होता, चांगला १५ चा, शाबूत. पण तो सॉकेटच्या मागे, शेवटच्या टोकाला. वायर इंजिनाच्या पत्र्यातल्या उघड्या भोकातून आणली होती, रबरी बुश नव्हता. पत्र्याच्या कडेने कव्हर कापत कापत तांबं बॉडीला टेकायला लागलं. तो शॉर्ट फ्यूजच्या अलीकडे! फ्यूजला काही पत्ताच नाही. बॅटरी सगळी ताकद त्या वायरीतून ओतत होती. वायर अधूनमधूनच टेकत होती म्हणून गाडी पेटली नाही, एवढंच. नवीन वायर घातली, बुश बसवला, आणि तोच फ्यूज उचलून बॅटरीजवळ लावला. नवीन फ्यूज लागलाच नाही.

आकडा वायरीवरून ठरतो. १ चौरस मिलिमीटरला साडेसात, दीडला दहा, अडीचला पंधरा. रंग लक्षात ठेवा: साडेसात तपकिरी, दहा लाल, पंधरा निळा, वीस पिवळा.

वायर कोणती घ्यावी? घरच्या फिटिंगची उरलेली चालेल का?

नको. घरच्या वायरीचं कव्हर साधारण ७० अंशांसाठी केलेलं असतं. इंजिनाशेजारून जाणारी वायर १०५ अंश सोसणारी हवी, शिवाय बारीक तारांची, म्हणजे हादऱ्याने तुटत नाही. लक्ष्मीपुरीत ऑटो वायर मागा आणि टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. परत द्या.

जाडीचा फरक किती? तीन मीटर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून १० अँपिअर नेले तर जवळपास १ व्होल्ट वाटेतच मरतो आणि वायर १० वॅटची शेगडी होते. अडीचच्या वायरीत तोच तोटा पाव व्होल्टच्या आत. सॉकेट तसंही स्वस्त असतं, त्यात कोण बचत करणार? बचत होते ती वायरीत.

रिले खरंच लागतो का?

फ्यूज टॅप लावला तर नाही. बॅटरीपासून जाड लाइन आणली तर हो, नाहीतर चावी काढली तरी पॉइंट चालूच राहणार. रिलेच्या चार पिनांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून आलेली, फ्यूजमधून गेलेली वायर. ८७ वरून सॉकेटच्या मधल्या पिनेकडे. ८५ बॉडीला. ८६ ला चावीवर चालू होणारी बारीक वायर, ती फ्यूज टॅपमधून घ्या, दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो. चावी फिरली की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे निम्मं काम बरोबर झालं.

इंजिन स्टार्ट करताना पॉइंट क्षणभर बंद होतो आणि डॅशकॅम परत सुरू होतो, म्हणून काही जण तक्रार घेऊन येतात. ते तसंच असतं. स्टार्टरला सगळी बॅटरी मिळावी म्हणून गाडी तेवढा वेळ बाकीचं बंद करते.

मायनस वायर कुठे जोडायची?

जवळच्या, थेट बॉडीला वेल्ड झालेल्या बोल्टवर, रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावून. डॅशबोर्डच्या आतल्या पातळ पट्ट्यांवर नको, त्या कधी कधी प्लॅस्टिकवरच बसवलेल्या असतात. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसच्या टोकावर बरेचदा एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीतून किती गेलं हे मोजणारा. तुम्ही वायर सेन्सरच्या अलीकडे थेट बॅटरीवर जोडली तर त्याचा हिशेब चुकतो. म्हणून मायनस नेहमी बॉडीवर.

डॅशबोर्डला भोक पाडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. दुसरा मार्ग आहे का?

आधी गाडीत रिकामी बटणं शोधा. खालच्या मॉडेलला वरच्या मॉडेलचे स्विच नसतात, त्या जागी नुसत्या टोप्या बसवलेल्या असतात. त्या मापाचे यूएसबी पॉइंट बऱ्याच गाड्यांसाठी मिळतात. टोपी काढली, पॉइंट बसवला, कुणाला कळतही नाही.

ते नसेल तर भोक. बाजारातल्या बहुतेक गोल पॉइंटना २८ ते २९ मिलिमीटर लागतं. आधी पॉइंट विकत घ्या, मोजा, मग पाडा. पॅनेल गाडीतून सोडवून टेबलावर आणायचं. गाडीत बसून ड्रिल चालवलं आणि बिट पलीकडे गेलं की मागे काय आहे ते कळतं, उशिरा. पॅनेलवर कागदी टेप लावा, मधोमध खूण, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग स्टेप ड्रिल अगदी हळू. जोरात फिरवलं तर प्लॅस्टिक कापलं न जाता वितळतं आणि कडेला शेवयांसारखं गोळा होतं. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानसने.

जागा निवडताना गिअर, हँडब्रेक आणि गुडघा या तिघांच्या वाटेत पॉइंट येत नाही ना, हे बसून बघा.

एअरबॅगचं काय? उघडताना फुटणार नाही ना?

बॅटरीचं मायनस आधी काढा, दहाचा पाना लागतो, आणि पाच-दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज उरतो. पिवळा कनेक्टर किंवा पिवळं कव्हर दिसलं की तिथून हात मागे. काचेच्या बाजूच्या खांबातून डॅशकॅमची वायर नेताना आत पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असू शकते. वायर तिच्या मागून जायला हवी, पुढून नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाडीत नारिंगी वायरी म्हणजे जास्त व्होल्टेज, त्यांच्याकडे बघायचंही नाही.

मायनस काढल्याने घड्याळ आणि काही गाड्यांत काचेचं एका दाबात वर जाणं विसरतं. परत शिकवता येतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

बॅटरी उतरेल का?

चावीवर चालणारा पॉइंट असेल तर नाही. कायम चालू ठेवलात तर हिशेब करा. निळा दिवा असलेला रिकामा यूएसबी पॉइंट २० मिलिअँपिअर घेतो असं धरलं तर दिवसाला अर्धा एएच (अँपिअर-तास) जातो. छोट्या गाडीच्या ३५ एएचच्या बॅटरीतून महिन्याला चाळीस टक्के, गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा. मुलगा पुण्याला, गाडी राजारामपुरीत पार्किंगला, दीड महिन्यांनी चावी फिरवली तर नुसतं कटकट. डॅशकॅम पार्किंग मोडवर पाव अँपिअर घेत असेल तर तीन दिवसांत बॅटरी अर्धी. कॅमेरा चालूच ठेवायचा असेल तर व्होल्टेज खाली गेल्यावर स्वतः बंद होणारं किट घ्या.

फ्यूज सारखा उडतो. वीसचा टाकला तर?

टाकू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद तर गुंडाळूच नका. आधी टॉर्च घेऊन सॉकेटच्या आत बघा. नाणं, गोळीचा कागद, स्टेपलरची पिन. मधली पिन आणि भिंत यांना जोडणारं काहीही आत पडलं की फ्यूज गेलाच. लहान मुलं असलेल्या घरच्या गाड्यांत मला हेच सापडतं. झाकण लावायची सवय ठेवा. काढताना बॅटरी सोडा, चिमट्याने तसाच खुपसू नका.

आमचा ट्रक आहे, मार्केट यार्डातून गुळाची भाडी करतो. तिथेही हेच?

मोठ्या ट्रकना दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट असतात. यूएसबी पॉइंट '१२-२४' लिहिलेलाच घ्या. १२ व्होल्टचा पंप लावलात तर धूर. काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ काढतात. चालतं, पण त्या बॅटरीतून जादा जातं, चार्ज मात्र दोघींना सारखाच मिळतो. एक कायम उपाशी, दुसरी कायम ओसंडलेली, आणि वर्षभरात दोन्ही बाद. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

उसाचा ट्रॅक्टर आहे. पॉइंटवरून फोनही चालवायचाय आणि टेपही.

फोन, हो. टेप आणि अॅम्प्लिफायर पॉइंटवरून नाही, त्याला बॅटरीपासून वेगळी जाड लाइन आणि वेगळा फ्यूज. सीझनमध्ये कारखान्याच्या रांगेत रात्रभर इंजिन बंद ठेवून गाणी वाजवायची आणि सकाळी नंबर लागल्यावर ढकलायला माणसं गोळा करायची, हे दरवर्षी बघतो. ट्रॅक्टरच्या पॉइंटला रबरी झाकण आणि मागून स्लीव्ह हवीच. धूळ आणि पाचटाचा भुसा सगळीकडे शिरतो.

स्कूटरला?

होतो. बॅटरी ३ ते ५ एएचची इवलीशी, म्हणून फ्यूज तीनचा, पॉइंट चावीवर, आणि पाण्याला टिकणारा.

गाडीत इन्व्हर्टर किंवा चहाची किटली चालेल का?

१५० वॅटचा छोटा इन्व्हर्टर पूर्ण भाराला पंधराच्या आसपास अँपिअर ओढतो, म्हणजे सॉकेटच्या बाहेरची गोष्ट. किटलीचं गणित मी एकदा गंमत म्हणून केलं: १२० वॅटवर अर्धा लिटर पाणी उकळायला हिशेबाने २२ मिनिटं, प्रत्यक्षात अर्धा तास. तेवढ्यात हायवेला गाडी थांबवून चहा पिऊन होतो, सोबत भजी पण.

वॉरंटी जाते का? आरटीओ धरेल का?

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल अशा बदलांसाठी आहे. चार्जिंग पॉइंटने आरसीत काहीच बदलत नाही. वॉरंटीचं वेगळं. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींची जुडी) कापून, पिळून, टेप मारलेली दिसली तर वायरिंगचा क्लेम नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं. म्हणून वॉरंटीतल्या गाडीला टॅप. पिळून टेप मारण्यावर माझा तसाही विश्वास नाही. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो.

आमचा भाग पुराचा. पॉइंट खाली लावला तर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीसारख्या भागांत पाणी घुसलं होतं. तेवढं आलं तर पॉइंट वर आहे की खाली याने फरक पडत नाही. पण त्याहून छोटं पाणी दर पावसाळ्यात गाडीत शिरतं. वायपरखालच्या जाळीत झाडाची पानं साचतात, निचरा तुंबतो, आणि पाणी डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. तिथला कनेक्टर उघडला तर आत हिरवा चुरा. त्यामुळे रिले, फ्यूज, जोड काहीही पायाशी ठेवू नका, आणि पावसाळ्याआधी ती जाळी साफ करा.

बसवून झाल्यावर बरोबर झालंय हे कसं तपासायचं?

मल्टिमीटर सॉकेटमध्ये धरा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. मग इंजिन चालू ठेवून पंप लावा आणि दहा मिनिटांनी वायरीवर, फ्यूजवर आणि प्लगवर हात फिरवा. कोमट चालेल, चटका नको. चालू पंपासकट सॉकेटमधला आकडा बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली असेल तर एखादा जोड सैल आहे. बहुतेक वेळा तो बॉडीवरचा मायनस निघतो, रंग नीट न खरवडलेला.

किती वेळ लागतो?

टॅपवाला अर्ध्या तासात. बॅटरीपासून लाइन असेल तर दोन-अडीच तास, त्यातला निम्मा पॅनेलच्या क्लिपा न तोडता काढण्यात जातो. येताना डॅशबोर्डच्या कप्प्यातलं सामान घरी काढून ठेवा, आणि जी वस्तू लावणार आहात ती सोबत आणा.